सामायिक आज्ञावलीची शिस्त

युनिक्स व तिच्या परंपरेतील प्रणालींवर जी आज्ञावली अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात, ती शेअर्ड लायब्ररी स्थाननिरपेक्ष पद्धतीनेच कंपाइल झाली पाहिजे आणि या बाबतीत सवलतीचा दरवाजा ठेवता कामा नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लिनक्सच्या आरंभीच्या काळात प्रत्येक लायब्ररीला मेमरीतील कायमचा पत्ता नेमून दिलेला असे, आणि दोघींनी एकाच जागेवर हक्क सांगू नये म्हणून त्या पत्त्यांचे मध्यवर्ती दप्तर ठेवावे लागे. सन कंपनीच्या सनओएस 4.0 ने 1988 साली जो मार्ग घेतला होता, तो लिनक्सने 1995 च्या सुमारास ईएलएफ स्वरूपाबरोबर पत्करला. या स्थाननिरपेक्ष मार्गात आज्ञावलीत कायमचे पत्ते लिहिलेच जात नाहीत. बाहेरच्या गोष्टींचे पत्ते एका तक्त्यात असतात, तो तक्ता आज्ञावलीपासून ठरावीक अंतरावर सापडतो, आणि लोडर केवळ तोच भरतो. आज्ञावलीची पाने अस्पर्श राहत असल्यामुळे तिची एकच प्रत शेकडो प्रोग्रॅमना पुरते. ही शिस्त मोडली, तर वाचनालयाच्या ग्रंथात प्रत्येक वाचकाने आपल्या खुणा कराव्यात तसे होते : ज्याची त्याची प्रत निराळी. शिवाय, पत्ते भरून पाने दुरुस्त करण्यासाठी ती काही काळ लिहिण्यास खुली करावी लागतात, आणि हल्लेखोराला नेमके तेच हवे असते.

आक्षेप एकच, वेगाचा. आणि तो एके काळी रास्त होता. इंटेलच्या 32-बिटी प्रोसेसरमध्ये आधीच मोजकी असलेली रजिस्टरे, त्यांतील एक या तक्त्यासाठी अडकून पडे. परंतु एएमडीने 2003 मध्ये बाजारात आणलेल्या 64-बिटी रचनेत चालू आज्ञेपासूनचे अंतर मोजून पत्ता काढण्याची सोय प्रोसेसरातच झाली, तेव्हापासून ती सबब फारशी उरलेली नाही.

2015 मध्ये अँड्रॉइड 6.0 ने, त्या आवृत्तीसाठी बांधलेल्या अ‍ॅपमधील बेशिस्त लायब्रऱ्या दाखल करून घेण्यास साफ नकार दिला. हा हुकूम कठोर असला तरी न्याय्यच होता. लायब्ररी बांधतानाच, तिचे तुकडे जोडणारा एलएलडी लिंकर असा नकार आपणहून देतो. जीएनयू लिंकरमध्ये मात्र तो सामान्यतः मागून घ्यावा लागतो. तो तेथेही विनामागणी लागू व्हावा, आणि स्थाननिरपेक्ष आज्ञावलीसाठी कंपायलरला ‘एफ-पिक’ हा पर्याय जोडावयास सांगणाऱ्या अध्यापकांनी तो कशासाठी, हेही त्याच तासाला विद्यार्थ्यांना सांगावे.