शंभर विमानं नकोत, एक खरं द्या

मंडळी, कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांच्या मागण्यांच्या याद्या कधी वाचल्यात? फ्लाइट सिम्युलेटरचा नाद असलेल्यांनी वाचल्या असतीलच. त्यांचा लाडका शब्द एकच, 'रिअ‍ॅलिझम'. आणि त्या शब्दाखाली मागितलेलं काय असतं? इंडिगोचा निळा रंग द्या. एअर इंडियाचं जुनं जंबो द्या. काचेवरून पावसाचे थेंब ओघळू द्या. मोपाची इमारत हुबेहूब द्या. राफेल द्या, मिग द्या, आणखी द्या!

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. ही वास्तवाची मागणी नव्हे, ही चित्राची मागणी आहे. विमान दिसतं कसं याला वास्तव म्हणत नाहीत. ते वागतं कसं, त्याला म्हणतात.

पटत नसेल तर थोडा इतिहास पाहा. वैमानिकांना शिकवणारं पहिलं यशस्वी यंत्र अमेरिकेत एडविन लिंक या गृहस्थाने १९२९ च्या सुमारास बनवलं. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना. त्यातलेच भाते वापरून त्याने एक छोटी खोकेवजा कॉकपिट हलती केली. आपल्या हार्मोनियमचा भाता असतो ना, त्याचाच थोरला भाऊ म्हणा. सुरुवातीला ती जत्रेतली गंमत म्हणूनच खपली. मग १९३४ साली टपाल वाहून नेताना खराब हवेत सैन्याचे वैमानिक मरू लागले, तेव्हा कुठे अमेरिकन सैन्याने तसली सहा खोकी घेतली. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले.

आता गंमत बघा. शिकताना त्या खोक्याचं झाकण बंद करत. बाहेरचं काहीच दिसायचं नाही! ना ढग, ना डोंगर, ना धावपट्टी. समोर फक्त घड्याळासारखी यंत्रं. पण दांडा हलवला की ती यंत्रं खऱ्या विमानासारखी उत्तर द्यायची. तेवढ्यावर माणसं आंधळ्या ढगातून विमान बाहेर काढायला शिकली. पेडण्यात दशावतार पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. तिथे एका बाकाचं सिंहासन होतं, पण राजाची भूमिका करणारा राजासारखा वागला नाही तर प्रेक्षक उठून जातात.

"अहो, पण हा खेळ आहे. कोण मरतंय त्यात?" असं कोणी म्हणेल. बरोबर आहे, घरात कोणी मरत नाही. पण खोटं वागणारा सिम्युलेटर काय शिकवू शकतो ते ऐका. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं अमेरिकन एअरलाइन्सचं ५८७ क्रमांकाचं विमान पुढच्या जंबोने ढवळलेल्या हवेत सापडलं. सहवैमानिकाने रडरचे पेडल आलटून पालटून जोरजोराने दाबले आणि शेपटाचा उभा पंखच तुटून पडला. विमानातले २६० आणि जमिनीवरचे ५ जण गेले. तपासाचा अहवाल २००४ साली आला. गरज नसताना मारलेल्या त्या जोरदार पेडलांबरोबरच रडरच्या रचनेवर आणि कंपनीच्या प्रशिक्षणावरही त्यात बोट ठेवलं होतं. त्या प्रशिक्षणात सिम्युलेटरवरचा एक धडा होता. त्यात आधी काही क्षण वैमानिकाच्या हालचालींना विमान दादच देत नसे, म्हणून ते खूप कलंडे. शिकणाऱ्याच्या मनात काय ठसणार? की असल्या हवेत एवढं मोठं विमान इतकं उलथतं आणि त्याला जोरात हाणावं लागतं. दोन्ही खोटं!

दुसरं उदाहरण. एअरलाइनच्या प्रशिक्षणाचे कोट्यवधींचे सिम्युलेटरही पूर्ण स्टॉल झालेलं विमान, म्हणजे पंखांनी उचलणं सोडलेलं विमान, कसं वागतं ते नीट दाखवत नव्हते. २००९ साली अमेरिकेत बफेलोजवळ एक विमान स्टॉल होऊन पडलं आणि अटलांटिकवर एअर फ्रान्सचं. त्यानंतर अमेरिकेने कायदा केला आणि २०१६ मध्ये सिम्युलेटरचे नियम बदलून हे वागणं त्यात आणायला लावलं. तज्ज्ञांना जे मिळवायला एवढी वर्षं लागली, ते आमच्या याद्यांमध्ये औषधालाही नसतं. आम्हाला सीटच्या कापडाची शिवण हवी!

एक गोष्ट मान्य करतो. चित्र अगदीच निरुपयोगी नाही. किनारा आणि झुआरी बघत वाट काढायची तर ती दिसायला हवीत. पण जमीन हुबेहूब आणि विमान मात्र रुळावरून चालल्यासारखं, असं असेल तर तो सिनेमा झाला.

मी पोटासाठी सरकारी कचेरीत अर्ज वाचतो. अर्जांचे दोन प्रकार असतात. एकात नुसती मागणी असते. दुसऱ्यात मागणी, कारण आणि सोबत कागद असतो. पहिला त्रुटी काढून परत जातो, दुसरा पुढे सरकतो. "राफेल द्या" हा पहिल्या प्रकारचा अर्ज. दुसरा असा: "सेसना १७२ चे अमुक मॉडेल. पूर्ण पॉवर दिल्यावर नाक डावीकडे ओढायला हवे, उजवा पेडल लागायला हवा. इथे लागत नाही. मॅन्युअलमधला आकडा हा, सिम्युलेटरमधला हा." किंवा: "बाहेर २० ते २५ अंश आणि हवा दमट असताना, पॉवर कमी करून उतरताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ धरू शकतो. तो इथे कधीच धरत नाही." बर्फाचं हे दुखणं गोव्यासारख्या दमट हवेतलंच आहे बरं का! असा अर्ज लिहायला मॅन्युअल उघडावं लागतं, म्हणून तो कमी येतो.

आणि फ्लाइटगिअरसारखा सिम्युलेटर तर हौशी माणसं १९९६-९७ पासून फुकट घडवत आहेत. त्यांच्या एका संध्याकाळीत एक पोकळ विमान रंगवून होईल, किंवा असलेल्या विमानातली एक चूक सुधारेल. दोन्ही होणार नाही. मायक्रोसॉफ्टचा २०२० चा सिम्युलेटर मूळ आवृत्तीत २० विमानं घेऊन आला, २०२४ चा ७०. पण २०२० मधलं ए३२० वरवरचं होतं. तेव्हा फ्लायबायवायर नावाच्या हौशी गटाने नवं विमान मागितलं नाही. तेच एक हाती घेतलं, त्याचं ऑटोपायलट आणि नियंत्रणाचे नियम नव्याने लिहिले आणि सगळ्यांना फुकट दिलं. याला म्हणतात रिअ‍ॅलिझमची मागणी!

आमची दाबोळी घ्या. तो नौदलाचा तळ आहे, आयएनएस हंसा. नौदलाच्या सरावासाठी सकाळच्या वेळी प्रवासी विमानांना वर्षानुवर्षं थांबावं लागलं. तुमच्या सिम्युलेटरमधल्या दाबोळीत कोणी तुम्हाला "थांबा" म्हणतं का? टर्मिनलच्या काचा मोजण्याआधी हे मागा.

आमच्या गोव्यातही वैमानिक व्हायचं स्वप्न घेऊन पोरं पडद्यासमोर बसतात. फ्लाइंग स्कूलची लाखोंची फी परवडेपर्यंत तेच त्यांचं विमान. त्यांच्या पायांना खोटी सवय लागली, तर ती पुढे पैसे आणि तास खर्चून मोडावी लागेल. म्हणून पुढची मागणी टाकण्याआधी एवढंच करा. असलेल्यातलं एक विमान निवडा, त्याचं मॅन्युअल उघडा, आणि ते कुठे खोटं बोलतंय ते शोधून तेवढंच लिहा.