विश्लेषण : पुतळा उभा राहिला, पुढे काय? सार्वजनिक शिल्पं टिकतात ती कशामुळे?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या ३५ फुटी पुतळ्याचं ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी अनावरण झालं. २६ ऑगस्ट २०२४ रोजी तो कोसळला. म्हणजे पुरते नऊ महिनेही झाले नव्हते. मे २०२५ मध्ये त्याच जागी नवा, आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. आरोप-प्रत्यारोप झाले, माफीही मागून झाली. पण मूळ प्रश्न तसाच आहे : चौकात, किनाऱ्यावर, सगळ्यांच्या जागेत उभारलेलं शिल्प पिढ्यानपिढ्या टिकण्यासाठी काय लागतं?

मालवणात काय चुकलं?

राज्यात पुतळा उभारायचा तर आधी मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता लागते. मालवणच्या बाबतीत आपण सहा फुटी प्रतिकृतीला मान्यता दिली होती, प्रत्यक्ष पुतळा ३५ फुटी होणार हे आपल्याला कळवलं नव्हतं, असं संचालनालयाने दुर्घटनेनंतर सांगितलं. चेहऱ्यातलं साम्य आणि प्रमाणबद्धता तपासणारे एकीकडे, आतला सांगाडा आणि पाया पाहणारे दुसरीकडे, अशी ही व्यवस्था. चौकशी अहवालात गंज, कमकुवत सांगाडा, चुकीचं वेल्डिंग आणि देखभालीचा अभाव ही कारणं पुढे आली. खाऱ्या वाऱ्यात लोखंडाचं काय होतं, हे कोकणात खिडकीला गज बसवणाऱ्यालाही ठाऊक असतं!

नव्या पुतळ्याच्या कंत्राटात दहा वर्षांच्या देखभालीची जबाबदारी कंत्राटदारावर टाकण्यात आली. ही सुधारणा महत्त्वाची आहे. उंचीच्या बातम्यांत ती झाकली गेली, इतकंच.

मजबूत बांधकाम पुरेसं आहे का?

नाही. मुंबईतलं काळा घोडा हे त्याचं उत्तम उदाहरण. प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे सातवा एडवर्ड) १८७५-७६ मध्ये भारतात आला होता. त्या भेटीची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी शहराला त्याचा अश्वारूढ पुतळा दिला. १८७९ मध्ये तो बसवला गेला. स्वातंत्र्यानंतर, १९६५ मध्ये, तो तिथून हलवला. आज तो भायखळ्याच्या राणीच्या बागेत आहे. पुतळा धडधाकट होता, पण त्या राजाला चौकात जागा उरली नव्हती.

नाव मात्र हललं नाही. मुंबईकरांनी स्वाराकडे फारसं लक्ष दिलंच नव्हतं, त्यांनी जागेला नाव दिलं ते घोड्याचं. घोडा गेल्यावरही पत्ता सांगताना ‘काळा घोडा’ असंच म्हटलं जात राहिलं. १९९९ पासून तिथे कला महोत्सव भरू लागला आणि २०१७ मध्ये नवा घोडा आला, तोही पाठीवर स्वार नसलेला. शिल्प नसतानाही पन्नासेक वर्षं जागा राखून ठेवली ती लोकांच्या बोलण्याने.

तिथून चालत काही मिनिटांवर हुतात्मा चौक आहे. इथे १८६४ मधलं फ्लोरा फाउंटन आहे आणि शेजारी हातात मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारांचं हुतात्मा स्मारक. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी याच परिसरात संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलकांवर गोळीबार झाला. दरवर्षी १ मे आणि २१ नोव्हेंबरला इथे अभिवादन होतं. एक शिल्प रोमन देवतेचं, दुसरं मराठी राज्यासाठी प्राण देणाऱ्यांचं. दोन्ही नांदतात. चौकाचं अधिकृत नाव बदलून कित्येक दशकं उलटली, तरी बसमध्ये ‘फाउंटन’ म्हणणारे आजही भेटतात.

मग लोकांचं प्रेम असलं की झालं?

तेही नाही. फ्लोरा फाउंटनवर वर्षानुवर्षं रंगाचे हात मारले गेले. हेतू चांगला असेल, पण दगडावरचं बारीक कोरीवकाम त्या थरांखाली बुजत गेलं. जलवाहिन्या बिघडल्या, कारंजं कोरडं पडलं. रंग उतरवून, दगड साफ करून, पाणी पुन्हा खेळवून ते २०१९ च्या जानेवारीत खुलं झालं. जुन्या शिल्पाला तज्ज्ञ संवर्धक लागतो, रंगाचा डबा नव्हे.

स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने शहरोशहरी रंगणाऱ्या भिंतींकडेही असंच पाहायला हवं. काही चित्रं सुंदर असतात. पण पुष्कळदा तोच ठरावीक साचा, त्याच घोषणा, आणि दोन पावसाळ्यांत पोपडे. ज्या वस्तीच्या भिंतीवर चित्र काढायचं, त्या वस्तीला विचारलं जातंच असं नाही.

नागरिकांनी काय विचारावं?

गावात किंवा प्रभागात पुतळा, शिल्प किंवा भित्तिचित्र जाहीर झालं की बातमीत उंची, खर्च आणि उद्घाटकाचं नाव असतं. देखभालीसाठी दरवर्षी किती रक्कम राखून ठेवली आहे, तपासणी कोणतं खातं करणार आणि सांगाड्याचा आराखडा कोणी मंजूर केला, हे ग्रामसभेत, नगरसेवकाला किंवा माहिती अधिकाराच्या अर्जातून विचारता येतं. हा अर्ज अनावरणाच्या तारखेआधी गेलेला बरा.