याच रस्त्यावर

दिवाळी आणि १ नोव्हेंबर आमच्याकडे मागेपुढेच येतात. फराळाचे डबे भरून होतात न होतात तोच बेळगाव म्हैसूर राज्यात गेल्याच्या निषेधार्थ पाळल्या जाणाऱ्या काळ्या दिनाच्या सायकल फेरीचा निरोप येतो. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन आणि काळा दिन एकाच तारखेला पडले. सकाळी दंडाला काळी फीत बांधायची आणि तिन्हीसांजेला त्याच हातानं उंबऱ्यावर पणती ठेवायची. सीमाभागातल्या माणसाला यात वावगं वाटत नाही. सुतक आणि सण एका घरात नांदवायची त्याला जवळपास सत्तर वर्षांची सवय आहे.

या सवयीचं मूळ १९५६ च्या जानेवारीत आहे. बेळगाव म्हैसूर राज्यात जाणार हे कळताच लोक रस्त्यावर उतरले आणि १७ जानेवारीला गोळी चालली. मारुती बेन्नाळकर आणि त्यांच्यासोबतचे तिघं गेले, निपाणीत कमळाबाई मोहिते गेल्या. पुढे १९८६ च्या जूनमध्ये कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात पुन्हा गोळीबार झाला आणि नऊ जणांचे प्राण गेले. म्हणून १७ जानेवारीला बेळगावच्या हुतात्मा चौकात आणि १ जूनला हिंडलग्याच्या स्मारकावर माणसं जमतात, नावं वाचली जातात, फुलं वाहिली जातात.

गोळीबाराला समाजाचं पहिलं उत्तर घोषणा असतं. कलेचं पहिलं उत्तर बहुधा गाणं असतं. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते शाहिरांनी दिलं. अण्णा भाऊ साठे यांच्या ‘माझी मैना गावाकडं राहिली’ या छक्कडीत एका कामगाराच्या विरहात तुटलेल्या मुलखाचा विरह कालवलेला आहे. म्हणून ती सभेत जितकी रंगली तितकीच घरातही टिकली. त्यानंतरचं उत्तर आमच्या खेड्यांनी दिलं. कडोली, उचगाव, बेळगुंदी, येळ्ळूर, कारदगा अशा गावांतून मराठी साहित्य संमेलनं भरतात. ग्रंथदिंडीपुढे लेझीम असते, डोईवर तुळस घेतलेल्या बायका असतात, मांडवात शेतावरून आलेली माणसं कविता ऐकत बसतात. शहरातल्या समीक्षकाला हे भाबडं वाटेल. पण ज्या बेळगुंदीनं १९८६ मध्ये आपली माणसं गोळीला दिली, त्याच बेळगुंदीनं कवितेसाठी मांडव घालावा, याहून सभ्य उत्तर आम्हाला तरी ठाऊक नाही.

इथवर अभिमान. आता थोडी टोचणी.

बेळगावजवळच्या काकतीला लागून जाणारा पुणे-बंगळूर महामार्ग हत्तरगी, संकेश्वर मागे टाकत निपाणीला पोचतो. याच रस्त्यावर १९८१ च्या मार्चमध्ये शरद जोशींच्या शेतकरी संघटनेच्या हाकेला ओ देऊन हजारो तंबाखू उत्पादक ठाण मांडून बसले. मागणी एकच, तंबाखूला रास्त भाव. वर्षभर राबून पिकवलेल्या विडीच्या तंबाखूचा भाव ठरवायचा व्यापाऱ्यानं, आणि शेतकऱ्यानं तो मुकाट घ्यायचा, ही रीत त्यांना मोडायची होती. बसल्या जागेला ‘आंदोलननगर’ असं नाव पडलं. चोवीस दिवस ते नगर नांदलं. ६ एप्रिलला पोलिसांनी ते उठवलं. गोळीबारात बारा शेतकरी ठार झाले.

बारा! आमच्या सीमाभागातल्या भाषिक लढ्याच्या कुठल्याही एका दिवसाहून हा आकडा मोठा आहे. तरी बेळगावातल्या मुलाला १७ जानेवारी पाठ असतो आणि ६ एप्रिल विचारला तर तो आईकडे बघतो. कारण उघड आहे. हे बारा जण भाषेसाठी मेले नव्हते, भावासाठी मेले होते. त्यांचं मरण आमच्या ठरलेल्या गोष्टीत बसत नव्हतं, म्हणून आम्ही ते गोष्टीबाहेर ठेवलं.

निपाणीच्या गोळीबाराआधी नऊ महिन्यांच्या आतच, २१ जुलै १९८० ला, नवलगुंद-नरगुंद भागात मलप्रभा धरणाखालच्या शेतकऱ्यांवर असाच गोळीबार झाला होता. तिथली मागणी होती पाण्यावरची जाचक आकारणी रद्द करण्याची. मेलेले कानडी होते. सरकार तेच, मुख्यमंत्री गुंडूरावांचं. त्या रक्तातून कर्नाटकात रयत संघ उभा राहिला आणि २१ जुलै हा तिथला शेतकरी हुतात्मा दिन झाला. नवलगुंदचा ज्वारीवाला आणि निपाणीचा तंबाखूवाला यांच्या बोलीत अंतर होतं, पण दोघांच्या छातीपुढची बंदूक एकाच कोठारातली होती. हे आम्ही मराठीत कधी मोठ्यानं म्हटलं का?

निपाणीची एक गोष्ट मात्र कॅमेऱ्यानं वेळेवर टिपली. वखारीत तंबाखूच्या खकाण्यात राबणाऱ्या बायकांनी संघटना कशी बांधली, त्यावर दीपा धनराज यांच्या ‘युगांतर’ गटानं १९८२ मध्ये ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा माहितीपट केला. नावच निपाणीच्या जिभेवरचं. ठिणगी आणि मशाल सगळेच लिहितात; ऊब हा शब्द सुचायला वखारीत हात घालावा लागतो.

कला उशिरानंही साक्ष देते. स्पॅनिश चित्रकार गोया यानं १८०८ च्या मे महिन्यातल्या माद्रिदच्या हत्याकांडाचं चित्र सहा वर्षांनी काढलं. बंदुका रोखलेल्या शिपायांच्या पाठीच दिसतात. समोर पांढऱ्या सदऱ्यातला, हात पसरलेला एक माणूस. त्याचं नाव कुणाला माहीत नाही, पण चेहरा जगाच्या ध्यानात राहिला. आमची गत नेमकी उलटी. स्मारकांवर नावं आहेत, चेहरे नाहीत. तो माणूस त्या सकाळी घरातून काय खाऊन निघाला, बैल कुणाच्या हवाली केले, त्याच्यामागे घरचीनं शेत कसं ओढलं, हे शिलालेखावर मावत नाही. ते काम कथेचं, कादंबरीचं, नाटकाचं. सीमाभागातल्या लेखणीकडे आमचं मागणं एवढंच आहे. भाषणाला आता माणसं पुष्कळ आहेत.

काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्माचं माहेर. कानडी मुलुख तिला वीरराणी म्हणतो आणि आमच्या गल्लीतल्या मराठी बायका तिच्या पुतळ्यापुढून पाणी भरायला जातात. एवढ्या सरमिसळीत राहणाऱ्यांनी आपलं दुःख तरी सोवळ्यात का ठेवावं? येत्या १७ जानेवारीला आम्ही हुतात्मा चौकात असूच. ६ एप्रिलला निपाणीची गाडीही धरू. आणि २१ जुलैची तारीख या दिवाळी अंकासोबतच्या दिनदर्शिकेत यंदा प्रथमच छापली आहे, मराठी अक्षरांत.

पणती लावताना एक जास्तीची लावा.