पाटीवरचा मान आणि खोलीतले माप

शहरातल्या कोणत्याही वस्तीत दुपारी चारच्या सुमारास एक फेरी मारून पाहा. शाळा सुटलेल्या असतात आणि पाट्या बोलू लागलेल्या असतात. 'पाळणाघर व संस्कारवर्ग', 'गृहपाठ करून घेतला जाईल', 'अबॅकस, चित्रकला, हस्ताक्षर'. आणि या सर्वांवर तुरा खोवल्याप्रमाणे 'आय.एस.ओ. मानांकित' किंवा नुसतेच 'मान्यताप्राप्त'. मान्यता कोणाची, कशाबद्दलची, हे पाटी सांगत नाही. मुलाचे नाव घालायला गेलेले आईबाप कचेरीच्या घाईत असतात. तेही विचारीत नाहीत. पाटीवर मान दिसला, की आपले समाधान होते.

मी पडलो मराठीचा मास्तर, तेव्हा शब्द उलटून पाहिल्यावाचून मला राहवत नाही. 'मान' हा शब्द दिसायला एक, पण त्याची घराणी दोन. एक मान संस्कृतातल्या 'मन्' या धातूपासून आला. मान्य, मान्यता, सन्मान ही त्याची भावंडे. दुसरा 'मा' म्हणजे मोजणे या धातूपासून. मापन, परिमाण, प्रमाण आणि हल्लीचा 'मानक' हे त्याच्या कुळातले. पहिला मान कोणीतरी द्यावा लागतो, दुसरा मोजून काढावा लागतो. शाळा सुटल्यानंतरच्या मुलांच्या बाबतीत आपली सारी गल्लत या दोन मानांत झाली आहे. हवे असते माप; पदरात पडतो मान.

आता ते आय.एस.ओ. ९००१ च पाहा ना. १९८७ साली प्रथम निघालेले हे मानक संस्थेच्या कारभाराचे आहे. कामाची पद्धत ठरली आहे का, ती पाळली जाते का, चूक सापडली तर दुरुस्त होते का, एवढे ते पाहते. खोलीत किती मुले कोंबली आहेत, सांभाळणारी बाई रागीट आहे की मायाळू, हे त्याला ठाऊक नाही. शिवाय ती आंतरराष्ट्रीय संघटना स्वतः कोणालाही प्रमाणपत्र देत नाही. ते काम निराळ्या संस्था करतात. म्हणजे प्रमाणपत्र खोटे नसते, पण आपण विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नसते.

आम्हां प्राध्यापक मंडळींना हा प्रकार नवा नाही. महाविद्यालयांचे मूल्यांकन करण्यासाठी १९९४ साली 'नॅक' स्थापन झाली, आणि तिची समिती येणार म्हटले की कुंड्या, रंग आणि फायली यांना काय भरते येत असे, ते शिपायांना विचारावे. पण त्या धांदलीत काही खरेखुरे कामही उरकत असे. कोणीतरी मोजायला येणार आहे, या नुसत्या जाणिवेचाही एक उपयोग असतो. शाळेनंतरच्या वर्गांना मात्र मोजायला येणारा पाहुणा बहुधा नसतोच.

कायद्याकडे पाहिले तर या मुलांची अवस्था मजेशीर वाटते, आणि मग मजा ओसरते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाचे २०० दिवस आणि अध्यापनाचे ८०० तास हे किमान प्रमाण ठरविले. भागाकार केला तर दिवसाला चार तास. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी सरकारची 'पाळणा' योजना आहे. म्हणजे सातवे वर्ष लागले की पाळणा थांबतो, आणि चार तासांनंतर शाळा संपते. पुढचा वेळ नोकरी करणाऱ्या आईने कसा जुळवायचा, हा तिचा घरगुती प्रश्न समजला जातो.

केंद्र सरकारने २०२४ च्या जानेवारीत शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, हे खरे. दर विद्यार्थ्यामागे किमान एक चौरस मीटर जागा, अग्निसुरक्षा, सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही, अशा पुष्कळ चांगल्या गोष्टी त्यांत आहेत. पण शिकवणी म्हणजे काय, तर पन्नासांहून अधिक विद्यार्थ्यांना दिले जाणारे मार्गदर्शन. आणि खेळ, नृत्य, नाट्य व तत्सम कलांचे वर्ग त्यांतून वगळलेले. आपली सात-आठ वर्षांची मुले जिथे जातात, त्या दोन खोल्यांत पन्नास मुले नसतात आणि तिथे चालते ते बहुधा चित्र, नाच आणि गृहपाठ. जाळे उत्तम विणले, पण लहान मासळी त्यातून अलगद बाहेर.

आणि आग पाटी वाचून लागत नाही. २४ मे २०१९ रोजी सुरतेतल्या तक्षशिला आर्केडला आग लागली. वरच्या मजल्यावर वर्ग भरले होते. सुटकेची वाट उरली नाही, म्हणून कित्येकांनी खाली उड्या टाकल्या. २२ जीव गेले, त्यांत बहुतेक विद्यार्थी. त्यांच्या आईबापांनीही मुलांना चांगल्या हेतूनेच तिथे पाठविले होते.

हे माप कसे ठरवावे, याचा धडा जपानकडून घेण्यासारखा आहे. तिथे शाळेतून रिकाम्या घरी येणाऱ्या मुलाला 'कागिक्को', म्हणजे किल्लीवाले मूल, असे नावच आहे. त्यांच्यासाठी चालणाऱ्या केंद्रांना एप्रिल २०१५ पासून देशभर मानके लागू झाली. दर मुलामागे १.६५ चौरस मीटर जागा, म्हणजे जवळजवळ एका तातामी चटईएवढी; एका गटात साधारण ४० मुले; आणि गटामागे किमान दोन माणसे, त्यांपैकी एक प्रशिक्षित. जागेचे माप मार्गदर्शक होते, माणसांचा आकडा मात्र बंधनकारक. पण माणसे मिळेनात, तेव्हा २०२० साली तो आकडाही स्थानिक पालिकांनी विचारात घ्यावा, एवढ्यावर आला. माप ठरविणे सोपे, ते भरून देणे कठीण, हे श्रीमंत देशालाही चुकले नाही.

हेच माप आपल्या घरी आणू. दहा फूट बाय बारा फुटांची खोली धरा. जपानी चटईच्या हिशेबाने तिच्यात सहा मुले मावतात. आपल्या शिकवणीच्या सूचनांप्रमाणे अकरा. तुमचे मूल जाते त्या खोलीत किती असतात, ते एकदा मोजून पाहा.

कोणी म्हणेल, असे नियम लावले तर कोपऱ्यावरच्या काकूंनी पाळणाघर बंदच करावे. ही भीती खोटी नाही. दोन खोल्यांत दहा-बारा मुले सांभाळणाऱ्या काकूंना दहा दाखले आणि पाच खिडक्या दाखविल्या, तर त्या पाटी उतरवतील आणि मुलांच्या गळ्यात किल्ल्या येतील. म्हणून मानके थोडी असावीत, मोजता येण्याजोगी असावीत आणि काकूंच्या आवाक्यातली असावीत. माझ्या मते चार पुरेत. मुलामागे जागा किती. मुलांमागे मोठी माणसे किती. बाहेर पडायच्या वाटा किती, आणि मुलाला कोणाच्या हाती सोपवतात. चौथे, एक साधी वही: कोण आले, कोण गेले, कोणाला खरचटले. यासाठी ना समिती लागते, ना कुंड्या. शिंप्याकडची फीत आणि थोडे धैर्य एवढे पुरते. मूल तिथे हसत जाते की नाही, हे कोणत्याच फितीने मोजता येत नाही. ते आपले आपण पाहायचे.

मात्र यात एक गोम आहे, आणि ती आपल्याच खिशाशी येऊन थांबते. अकरा मुलांच्या खोलीत सहाच ठेवायची, मदतीला आणखी एक बाई घ्यायची, तर फी जवळजवळ दुप्पट होणार. त्या वेळी आपणच कपाळाला आठ्या घालतो. काकूंना सणासुदीला फराळाचे ताट पाठविले, 'तुमचे उपकार' म्हटले, की आपला मान देऊन झाला. पण काकूंचेही एक माप आहे: दिवसाचे सहा तास, दहा जिवांची जबाबदारी, आणि महिन्याकाठी हाती पडणारी रक्कम.

वाण्याच्या दुकानात मापात पाप झाले तर आपण तिथल्या तिथे बोलतो. पण पूर्ण माप हवे तर पूर्ण दाम मोजावे लागतात, हेही तिथेच आपल्याला समजते. मुलांच्या बाबतीत तेवढे समजले तरी पुष्कळ झाले.