चान्यांची लाज कोणाला?

वाचकहो, आपल्यापैकी किती जणांच्या घरी आज चान्यांचा उल्लेख मोकळ्या आवाजाने होतो? वर्धा जिल्ह्यातील ज्या वस्त्यांतून १९५६ नंतर भगवान बुद्धाची व बाबासाहेबांची तसबीर भिंतीवर आली, त्यांतील कितीतरी वस्त्यांतून मांसाच्या पट्ट्या वाळत घालण्याची दोरी अंगणातून गेली. दोरी गेल्याचे आम्हांला दुःख नाही. ती का गेली याचे जे कारण आज सांगितले जाते, त्या कारणाशी आमचे भांडण आहे. शहरात नोकरीस लागलेला मुलगा म्हणतो, "आई, हे लोकांसमोर बोलू नको, आपण बौद्ध आहोत." त्या माउलीने काय चोरी केली होती?

तिने जे केले ते नीट पाहा. मांसाच्या बोटाएवढ्या जाडीच्या लांब पट्ट्या कापावयाच्या, त्यांस मीठ व हळद चोळावयाची, दोरीवर एकमेकींस न चिकटतील अशा टांगावयाच्या, वैशाखाच्या उन्हात कडकडीत वाळवावयाच्या, आणि मडक्यात भरून पावसाळ्यासाठी ठेवावयाच्या. कोणी त्या चुलीच्या धुरावर धरीत. पुढे निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खाव्यात किंवा डाळीत शिजवाव्यात. मीठ मांसातील पाणी ओढून घेते आणि पाणी गेले की मांस सडविणाऱ्या जंतूंस जगता येत नाही. धुरातील द्रव्ये वरच्या थरावर बसून तेच काम पुढे नेतात. आपल्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. अशा कोरड्या उन्हात हे काम चार-पाच दिवसांत उरकते. शाळेचे तोंड न पाहिलेल्या बायकांनी हे शास्त्र पिढ्यान्‌पिढ्या बिनचूक चालविले.

आता हीच कृती समुद्रापलीकडे पाहा. डुकराच्या मांडीस मीठ चोळून ती आठवडेच्या आठवडे मुरत ठेवली की तिचे हॅम होते, पोटाकडच्या मांसास तोच संस्कार दिला की बेकन होते. जर्मनीतील वेस्टफालियात त्यास बीचच्या लाकडाची धुरी देतात. इटलीतील पार्मा गावचे हॅम धुराशिवाय, केवळ मिठाने व वाऱ्याने, वर्षभर टांगून तयार होते आणि त्याच्या पातळ कापांस जगभर सोन्याचा भाव येतो. जवळच्या गोव्यात मीठ, तिखट व माडाच्या सुरीचा शिरका लावून डुकराच्या मांसाची सॉसेजे उन्हात व धुरात सुकवितात, आणि मुंबई-पुण्याचे पर्यटक त्यांच्या माळा विकत घेऊन येतात. साहेबाच्या बशीतील बेकन ही अभिरुची ठरते आणि आमच्या दोरीवरील चानी ही घाण ठरते. मीठ एकच, धूर एकच. नाक मात्र जात पाहून मुरडते.

येथे कोणी म्हणेल, "पण ते मांस मेलेल्या ढोराचे होते." होय, पुष्कळदा होते, आणि ही गोष्ट आम्ही झाकणार नाही. गावकीने मेलेले जनावर ओढण्याचे काम आमच्यावर लादले आणि त्याचे मांस हाच मोबदला ठरविला. एक ढोर पडले म्हणजे एका दिवसात न संपणारे मांस घरात येई, आणि पुढचे चार महिने पोटाची शाश्वती नसे, म्हणून ते वाळवावे लागे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मृतमांस सोडा, मेलेली गुरे ओढू नका, असे बजावले आणि आमच्या बापजाद्यांनी उपाशी राहून ते ऐकले. नागपूरच्या दीक्षेनंतर दुसऱ्याच दिवशी, १५ ऑक्टोबर १९५६ रोजी केलेल्या भाषणात त्यांनी 'केसरी'त आलेल्या एका हिशेबाची झाडाझडती घेतली होती. मेलेल्या ढोराचे कातडे, शिंगे व हाडे यांत केवढा नफा आहे, तो सोडून महार आपले नुकसान करून घेत आहेत, असा तो हिशेब होता. एवढा नफा असेल तर तो तुम्हीच का घेत नाही, हा बाबासाहेबांचा सवाल होता, आणि त्याचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

वर्ध्याच्या वाचकाला तर हा सवाल दारातच दिसतो. शहरालगतच्या नालवाडीस गांधीजींच्या अनुयायांनी चर्मालय काढले, आणि मेलेल्या जनावराचे कातडे कमावणे हा तेथे आदर्श ग्रामोद्योग ठरला. त्या कामात उतरलेल्या सवर्ण कार्यकर्त्यांचा आम्ही उपहास करीत नाही, त्यांनी हात घाण केले. परंतु तेच काम त्यांच्या हाती गेले की सेवा आणि आमच्या हाती असले की विटाळ, हा न्याय कोणत्या तराजूत तोललेला आहे?

तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या करा. मृतमांस सोडणे हा गुलामगिरीचा करार फाडणे होते. मांस खारविणे व वाळविणे ही विद्या होती. करार फाडताना विद्येचीही लाज वाटू लागली, ती लाज आमची नव्हे. ती कोठून आली हे पाहावयाचे असेल तर बाबासाहेबांचा १९४८ चा अस्पृश्यांच्या मूळाविषयीचा ग्रंथ उघडा. गोमांस एके काळी ब्राह्मणही खात होते, बौद्ध धर्माशी चाललेल्या झगड्यात त्यांनी ते सोडले, आणि जे खात राहिले ते अस्पृश्य ठरले, असा त्यांचा सिद्धांत आहे. मग बौद्ध झालेल्या माणसानेच चान्यांचे नाव निघताच मान खाली घालावी, याला काय म्हणावे? आणि हेही सांगून टाकू, की महाराने मांगाच्या ताटातील डुकरास नावे ठेवण्याची रीत आमच्यातही होतीच.

"पण धम्म मांस वर्ज्य मानतो ना?" असा प्रश्न आता विहारांतूनही ऐकू येतो. मज्झिमनिकायातील जीवकसुत्त वाचा. जे आपल्यासाठी मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, आणि ज्याविषयी तशी शंका नाही, असे मांस भिक्षूला चालते, असे तेथे स्पष्ट आहे. भिक्षूंनी मासे-मांस आजन्म वर्ज्य करावे ही मागणी देवदत्ताने केली होती, आणि भगवंतांनी ती नाकारली. आणि पावा येथे चुंद लोहाराच्या घरच्या अखेरच्या भोजनात 'सूकरमद्दव' होते. ते डुकराचे मांस की एखादी वनस्पती, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. पाचव्या शतकातील बुद्धघोष आधी फार कोवळ्याही नव्हे व फार जुन्याही नव्हे अशा डुकराचे मांस हा अर्थ देतो, नंतर इतरांची मते नोंदवितो. धर्मानंद कोसंबींनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात मांसाचाच अर्थ ग्राह्य धरला आणि त्यापायी रोषही पत्करला. गोव्यात जन्मलेला, सारस्वत ब्राह्मण कुळातला हा पंडित १९४७ च्या जूनमध्ये आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, अन्नत्याग करून वारला. जो अन्नच सोडून गेला त्याने बुद्धाच्या ताटातील मांस पुसून टाकले नाही, हे जिभेच्या लाडासाठी केले असे कोणी म्हणू शकणार नाही.

करुणेने कोणी मांस सोडले तर आम्ही त्यास वंदन करू. शेजारी काय म्हणतील म्हणून सोडले, तर ती करुणा नव्हे.

या लाजेस आता कायद्याचे पाठबळही मिळालेले आहे. १९७६ साली पवनारला, धामच्या काठी, विनोबांनी गोवधबंदीसाठी उपोषणाचा संकल्प जाहीर केला, आणि त्याच वर्षाचा महाराष्ट्राचा प्राणी संरक्षण कायदा आहे. १९९५ साली विधिमंडळाने मंजूर केलेली दुरुस्ती २०१५ च्या मार्चमध्ये अमलात आली आणि गाईबरोबर बैल व वळूही त्यात आले. हत्येस पाच वर्षांपर्यंत कैद. घरात तसले मांस सापडले तरी एक वर्षाची कैद लिहिलेली होती. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हत्याबंदी कायम ठेवली, परंतु परराज्यात कायदेशीरपणे कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम रद्द केले, कारण नागरिक आपल्या घरात काय खातो ही त्याची खाजगी बाब आहे. आर्वीकडचा गवळाऊ बैल म्हातारा झाला की कुणबी शेतकऱ्याने त्याचे काय करावे, हे मात्र कोणी सांगितले नाही. त्याच्या गोठ्यातील वैरणीचा खर्च गोभक्त देत नाहीत.

म्हैसवर्गीय जनावरे या हत्याबंदीत नाहीत, बकरा नाही, डुक्कर नाही. रोख पैसे मोजून घेतलेल्या मांसावर गावकीचा कोणताही हक्क नाही. मीठ व धूर दिलेले मांस रोज खाऊ नये, हे मात्र आम्ही सांगू, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये अशा मांसास कर्करोगकारक ठरविले आहे. हा वैद्याचा सल्ला आहे, आणि तो पार्माच्या हॅमलाही तितकाच लागू आहे.

वाचकहो, खोली भाड्याने मागावयास गेल्यावर प्रथम आडनाव आणि मग "तुम्ही खाता काय?" हा प्रश्न तुम्हांला विचारला गेला असेल. आम्हांलाही विचारला गेला आहे. तेव्हा आम्ही खोटे बोललो होतो. पुढच्या खेपेस बोलणार नाही. आणि ज्यांची आजी अजून हयात आहे त्यांनी या उन्हाळ्यात तिच्याजवळ बसून एवढे लिहून घ्यावे, की शेरभर मांसाला मीठ किती, पट्टी केवढी जाड, ऊन किती दिवसांचे, आणि मडक्याचे तोंड कशाने बांधीत.