फोडलेली जोडी, दुप्पट केलेला डाव

गेल्या आठवड्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. पिंपळगाव बसवंतला कांदा-टोमॅटोच्या व्यापारात त्याचा चांगला जम बसला आहे. शाळेत असताना गणिताच्या तासाला तो मागच्या बाकावर असायचा. आता हिशोबात मला मागे टाकील. मित्रांबरोबर पणजीला जाऊन आला होता. खिशातून त्याने पत्त्याएवढा छापील तक्ता काढला आणि म्हणाला, ‘‘सर, ब्लॅकजॅक. हा तक्ता पाळला की खेळ जवळजवळ बरोबरीचा होतो म्हणे. आणि आम्ही गेलो तिथले नियम फार चांगले आहेत. जोडी फोडता येते, फोडल्यावरही डाव दुप्पट करता येतो. दिवाळीनंतर सहाजण पुन्हा निघालोय. तुम्ही एकदा गणित तपासून द्या.’’

जुगार वाईट, एवढे बोलून त्याला वाटेला लावता आले असते. पण त्याने गणित विचारले होते, आणि गणिताच्या शिक्षकाने प्रश्न टाळू नये. शिवाय हा प्रश्न आता त्याच्या एकट्याचा राहिलेला नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. मोबाइलवरची रमी थांबली, पण ज्यांच्या बोटांना सवय लागली होती त्यांची सवय काही राजपत्राने जात नाही. आमच्याकडच्या तरुणांना मग मांडवीतल्या बोटी दिसू लागतात. महाराष्ट्राने 1976 साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधी अमलात आणला नाही आणि 2023 मध्ये तो रद्द करण्याचे ठरवले. गोव्याने मात्र आपल्या जुगारबंदी कायद्यात 1992 मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या यंत्रांसाठी आणि 1996 मध्ये बोटींवरच्या टेबलांसाठी वाट काढली. गोव्यातल्या रहिवाशांना कॅसिनोत जायला 2020 पासून तिथल्या सरकारने मनाई केली. म्हणजे टेबलाभोवती बसायचे ते पाहुण्यांनी, आपण.

खेळ असा. पत्त्यांची बेरीज 21 च्या जितकी जवळ तितके बरे. 21 ओलांडली की डाव गेला. राजा, राणी, गुलाम यांचे दहा, एक्क्याचा एक किंवा अकरा. समोर कॅसिनोचा माणूस, त्याचा एक पत्ता उघडा. त्याला स्वत:चे डोके चालवायची मुभा नाही. सोळापर्यंत पत्ता घ्यायचा, सतरावर थांबायचे. मग घराचा फायदा कशात? तुम्ही आधी खेळता यात. तुमची बेरीज फुटली की पैसे लगेच ओढले जातात. नंतर त्याचीही फुटली तरी ते परत येत नाहीत. डोळे झाकून त्याचीच नक्कल केली तर शंभर रुपयांमागे साडेपाच रुपये जातात.

ही तूट भरून काढायला खेळाडूला काही सवलती आहेत. केव्हा थांबायचे हे स्वत: ठरवण्याचा हक्क सर्वांत मोठा, त्याचे सुमारे तीन रुपये. योग्य वेळी डाव दुप्पट करण्याचे सुमारे दीड रुपया. जोडी फोडण्याचे अवघे चाळीस पैसे. सगळे बिनचूक साधले तर शंभरामागे साधारण पन्नास पैशांची तूट उरते. तक्ता म्हणतो ती ‘जवळजवळ बरोबरी’ हीच.

हा तक्ता कुणा जुगाऱ्याने रचलेला नाही. अमेरिकी लष्करातल्या चार तरुणांनी टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्रांवर हिशोब करून तो 1956 मध्ये संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. त्याचे तर्कशास्त्र सुंदर आहे. हातात दोन अठ्ठ्या आल्या तर बेरीज सोळा, या खेळातली सर्वांत रडकी. समोर छक्की असेल तर जोडी फोडा; छक्की दाखवणाऱ्या डीलरची बेरीज शंभरात बेचाळीस वेळा फुटते, आणि तुमचा तोट्याचा डाव नफ्यात येतो. समोर दश्शी असली तरी फोडा. इथे मात्र जिंकायचे नाही, कमी हरायचे आहे. शंभरामागे 54 जाणार होते, तिथे 48 जातात. हे विद्यार्थ्याला पटेना. ‘‘हरायचंच तर दुप्पट पैसे कशाला घालायचे, सर?’’ त्याचा प्रश्न शहाण्या माणसाचा होता. उत्तर एवढेच, की दोन जरा बऱ्या डावांचा मिळून तोटा एका वाईट डावाच्या तोट्यापेक्षा कमी भरतो. उलट दोन दश्शा आल्या की नवखा हौसेने फोडतो आणि वीस बेरजेचा सोन्यासारखा डाव मोडून बसतो. दोन पंजी तर फोडूच नयेत. ते दहा आहेत, समोर नव्वी किंवा त्याखालचे पान असेल तर दुप्पट करावेत.

आता त्याच्या ‘चांगल्या नियमां’कडे येऊ. फोडलेल्या जोडीवर पुन्हा दुप्पट करायची मुभा असेल तर तक्ता बदलतो. एरवी दुऱ्या-तिऱ्यांची जोडी समोर चौकी ते सत्ती असतानाच फोडायची. आता समोर दुर्री-तिर्री असतानाही फोडावी. चौक्यांची जोडी एरवी फोडायची नाही. आता समोर पंजी-छक्की असेल तर फोडावी. या सवलतीची किंमत शंभरामागे चौदा पैसे. फोडलेले एक्के पुन्हा फोडू दिले तर आणखी आठ पैसे. तेही तक्ता या नियमाचा असेल तरच. काही टेबलांवर डीलर आपला दुसरा पत्ता शेवटी घेतो. तिथे समोर दश्शी असताना अठ्ठ्या फोडल्या आणि नंतर त्याला एक्का निघाला, तर वाढवलेले पैसेही जातात. माझ्या विद्यार्थ्याचा तक्ता नेमका कुठल्या नियमांचा होता, हे त्यालाही सांगता आले नाही.

आणि सवलत द्यायची तर घर दुसरीकडून घेते. एक्का आणि दहाचे पान पहिल्याच दोन पत्त्यांत आले तर दोनाला तीन असे पैसे मिळायला हवेत. काही टेबलांवर ते पाचाला सहा देतात. ऐकायला सहा मोठे वाटतात. प्रत्यक्षात शंभरामागे एक रुपया चाळीस पैसे गेले. फोडण्या-दुपटीतून मिळालेले चौदा पैसे दहा वेळा वसूल.

याच नियमांवरून 1964 मध्ये लास व्हेगासमध्ये मोठी गंमत झाली. एडवर्ड थॉर्प नावाच्या गणितज्ञाने 1962 मध्ये पुस्तक लिहून गेलेले पत्ते लक्षात ठेवणाऱ्याला हा खेळ जिंकता येतो असे दाखवले. कॅसिनोवाले घाबरले. 1964 च्या एप्रिलमध्ये त्यांनी दुप्पट करणे केवळ अकराच्या बेरजेवर ठेवले आणि एक्के फोडणे बंद केले. परिणाम? हिशेबी खेळाडू राहोत, साधे गिऱ्हाईकच टेबलावरून उठून गेले, आणि काही आठवड्यांतच जुने नियम परत आले. ज्यांना त्या सवलती नीट वापरता येत नव्हत्या त्यांनाही त्या हव्या होत्या. मालकांना तेव्हा कळले ते आजही पुरते: सवलत दिल्याने जेवढे जाते त्याहून जास्त, ती चुकीची वापरणाऱ्यांकडून येते. शिवाय फोडायचे, दुप्पट करायचे, तर टेबलावर आणखी पैसे ठेवावेच लागतात.

आमच्या भागातल्या माणसाला हे नवे नाही. कांदाचाळीतला निम्मा माल आज काढायचा, निम्मा ठेवायचा, ही जोडी फोडणेच की. 2023 च्या ऑगस्टमध्ये उन्हाळ कांदा चाळीत असताना निर्यातीवर 40 टक्के शुल्क आले, लिलाव बंद राहिले. 8 डिसेंबरला, लाल कांदा निघत असताना, निर्यातच बंद झाली. बंदी मे 2024 मध्ये उठली, शुल्क पुरते गेले ते 1 एप्रिल 2025 ला. कॅसिनोचे एक बरे, नियम टेबलावर छापलेले असतात आणि हातात पत्ते असताना ते बदलत नाहीत.

मग आम्ही कागद घेतला. पाचशे रुपयांचा डाव, तासाला साठ, पाच तास. तीनशे डाव, दीड लाखाची उलाढाल. तक्ता तंतोतंत पाळला तर तोटा साडेसातशे. फोडल्यावर दुप्पट करू देणाऱ्या त्या गोड नियमाची एका रात्रीची कमाई 210 रुपये. पाचाला सहाचे टेबल निघाले तर 2,100 गेले. आणि वीस हजारांच्या चिप्स घेतल्या तर? पूर्वी कर घराच्या उत्पन्नावर असे. ऑक्टोबर 2023 पासून तो चिप्सच्या दर्शनी रकमेवर आला, 28 टक्के, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. वीस हजारांवर आठ हजार. तो तुमच्याकडून थेट घ्यायचा की घराने सोसायचा हे घर ठरवते. सोसला तरी खेळाडूंच्याच खिशातून येणार. जिंकलात तर त्यावर 30 टक्के प्राप्तिकर, हरलेले वजा न करता.

‘‘पण सर, मागच्या वेळी मी नऊ हजार जिंकून आलो.’’

ते खरेच असणार. तीनशे डावांत निव्वळ नशिबाने दहा हजार इकडे किंवा तिकडे होणे अगदी सामान्य आहे. या लाटेत 210 रुपयांचा नियम दिसणार कुठे? म्हणूनच जिंकलेला तक्त्याचे नाव घेतो आणि हरलेला पत्त्यांचे.

त्याने खिशातून बाजार समितीची हिशोबपट्टी काढली आणि मागच्या कोऱ्या बाजूला आकडे पुन्हा उतरवले: 750, 2,100, 8,000. वर 210 लिहून त्याभोवती गोल केला. बराच वेळ बघत बसला. मग म्हणाला, ‘‘रात्रीचं जेवण त्यांच्याकडेच असतं, सर.’’

‘‘मग तेही जमेत धर,’’ मी म्हटले.

त्याने 210 च्या खाली ‘जेवण’ असे लिहिले आणि समोरची जागा कोरी ठेवली.