घराण्याचं वळण?

मराठीत दोघंही निवडुंगच. पण कुंपणाचा त्रिधारी निवडुंग एरंडाच्या कुळातला, आणि फड्या निवडुंग मूळचा अमेरिकेतला, कॅक्टसच्या कुळातला. त्रिधारी मोडला की पांढरा चीक गळतो (डोळ्यांना घातक बरं का!), फड्याला तो नसतो. तरी दोघांचं खोड हिरवं, पाणी साठवणारं. अंगावर काटे, पानं नावापुरती... वेगवेगळ्या खंडांत, पण कोरड्या हवेत ज्यांना पाणी जपता आलं, तेच टिकले. यालाच अभिसारी उत्क्रांती म्हणतात.

म्हणूनच कुणी चिकट किंवा काटेरी वागला की लगेच "घराण्याचंच वळण!" म्हणण्याची आपल्याकडची घाई मला पटत नाही. मंडळी, आधी विचारा तरी, बाबा रे, दुष्काळ किती काढलेस?